मिरे नेले, तंबाखू ठेवली: झुरक्याला पर्याय शोधण्याचा इतिहास

 

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. सिगारेट सोडायला निघालेले बरेच जण एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत लिहितात. "निकोटिनचं बघून घेईन, पण हाताचं काय करू?" "जेवल्यावर तोंड रिकामं वाटतं." "चहा झाला की घशाला काहीतरी हवं असतं." यावर ऐकवलं जाणारं उत्तर ठरलेलं: मन घट्ट कर. पण इथे मन नंतर येतं. आधी बोटं मागतात, ओठ मागतात, घसा मागतो. मला सिगारेट सोडून सहा वर्षं झाली, आणि पहिल्या आठवड्यातली माझी आठवण डोक्याची नाही, उजव्या हाताच्या दोन बोटांची आहे.

हा शरीराचा भाग भरून काढायला माणसाने आजवर काय काय वापरलं, त्याचा इतिहास आज बघू. त्यातले काही पर्याय मूळ रोगापेक्षा बरे नव्हते, आणि त्यातला सगळ्यात मोठा फसलेला प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला.

तंबाखूच्या आधीचा धूर

धूर ओढणं तंबाखूबरोबर भारतात आलं असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. चरकसंहितेत, म्हणजे तंबाखू इथे यायच्या शेकडो वर्षं आधी, औषधी धूमपानाचं वर्णन आहे. सुगंधी वनस्पतींचा लगदा काडीवर लेपायचा, वाळवायचा, काडी काढून घ्यायची. उरते ती पोकळ वात: आठ अंगुळं लांब, अंगठ्याएवढी जाड. ती नळीत बसवून ओढायची. कधी? आंघोळीनंतर, जेवणानंतर, दात घासल्यावर, झोपेतून उठल्यावर, अशा दिवसातल्या आठ वेळा सांगितल्या आहेत. आणि एका वेळी तीन-तीन झुरके.

हे वाचताना मी थांबलो. जेवणानंतर, उठल्याबरोबर, एका वेळी थोडेच झुरके: कुठल्याही सिगारेट ओढणाऱ्याला विचारा, तो याच वेळा सांगेल. चरकाच्या वातीत निकोटिन नव्हतं. हेतू सर्दी, खोकला, डोकेदुखीवर उपचार हा होता, आणि अति केलं तर त्रास होतो हेही तिथेच लिहिलंय. म्हणून ती वात आज ओढा असं मी मुळीच म्हणत नाही. जळणाऱ्या कुठल्याही पानाचा धूर फुप्फुसाला धूरच असतो. मुद्दा इतकाच, की हातात नळी, ओठाला टोक, घशातून ऊब आणि जेवणानंतरची ती वेळ, हा साचा तंबाखूपेक्षा जुना आहे. तंबाखू त्या साच्यात नंतर येऊन बसली.

पोर्तुगीज, विजापूर, अकबर

ती आली पोर्तुगीजांबरोबर. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तो मुख्यतः मसाल्यांसाठी, आणि मसाल्यांचा राजा म्हणजे काळे मिरे. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेलं. पुढे त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली पिकं आपल्या किनाऱ्यावर आली: मिरची, काजू, अननस, आणि तंबाखू. ते मिरे घेऊन गेले, तंबाखू ठेवून गेले. हे मिरे लक्षात ठेवा, शेवटाकडे परत येणार आहेत.

गोव्याजवळचं मोठं दरबारी शहर म्हणजे आदिलशाहीचं विजापूर. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४ च्या सुमाराला विजापूरहून परतला, तो तंबाखू आणि रत्नं जडवलेली नळी घेऊन. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की बादशहाने कुतूहलाने झुरका घेतला, तेव्हा हकीम अस्वस्थ झाले, कारण त्यांच्या ग्रंथांत या पानाबद्दल काहीच नव्हतं. अकबराने सवय लावून घेतली नाही. दरबारातल्या अमीरांनी मात्र लगेच मागणी सुरू केली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता.

विडा आणि विडी

आता आपल्या भाषेतली एक गंमत. "विडी" हा शब्द "विड्या"चाच भाऊ. संस्कृत "वीटिका", म्हणजे पानाची गुंडाळी, हे दोघांचं मूळ. एक पान गुंडाळून चघळायचं, दुसरं गुंडाळून पेटवायचं. म्हणजे जेवणानंतर तोंडात काहीतरी हवं, ही जागा विड्याने आधीच तयार ठेवली होती. विडी तिथे पाहुणी म्हणून आली आणि राहिली.

विडीला पान लागतं टेंभुर्णीचं, ज्याला आपण तेंदूपत्ता म्हणतो. ते विदर्भातल्या जंगलातून येतं. वळायचं काम सिन्नर, संगमनेर, सोलापूर अशा ठिकाणी, आणि बहुतेक बायकांच्या हातून. विडी सिगारेटपेक्षा साधी, गावठी, म्हणून सौम्य, हा समज अजून आहे. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांवर वर्षानुवर्षं केलेल्या पाहणीने तो मोडीत काढला: विडी ओढणाऱ्यांमधला मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता.

याच काळातला एक पर्याय तुम्ही शाळेत वाचला असेल, पण या अंगाने नाही. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की लहानपणी ते आणि त्यांचा एक नातेवाईक काकांनी टाकलेली थोटकं गोळा करून ओढत. मजा चवीची नव्हती, तोंडातून धूर सोडण्याची होती. थोटकं पुरेनात तेव्हा त्यांनी एका वनस्पतीचे सच्छिद्र देठ मिळवून ते ओढून पाहिले. म्हणजे निकोटिन बाजूला, नुसती कृती आणि धूर. तेवढ्याने समाधान झालं नाही, हेही त्यांनी लिहिलंय.

शंभरेक वर्षांनी प्रयोगशाळेत जे तपासलं गेलं त्याचं हे छोटं रूप म्हणता येईल: सिगारेटमधलं नेमकं काय माणसाला धरून ठेवतं? पदार्थ, की कृती?

गिरणीतला पर्याय

त्या प्रयोगशाळेआधी गिरणगावात जाऊ. कापडगिरणीत हवेत कापसाचे तंतू उडतात, एक ठिणगी पुरे. पेटवायचं तर बाहेर आवारात जावं लागे. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे याचीच चर्चा झाली: कामगार मधूनमधून यंत्र सोडून आवारात जातात, विडी ओढतात, खातात, गप्पा मारतात. मालकांच्या भाषेत हा आळस. पण दिवस किती तासांचा होता? १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, म्हणजे त्याआधी तो त्याहून लांब असू शकत होता. अशा दिवसात विडी हे पाय मोकळे करायचं एकमेव मान्य कारण होतं. तिच्या धुरात निकोटिन होतं, आणि सोबत पाच मिनिटांची सुट्टी होती.

जिथे बाहेर जाणं परवडत नाही तिथे काय करायचं? तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्याने मळायची आणि बार भरायचा. आग नाही, धूर नाही, यंत्रासमोर उभं राहून जमतं. जगभरातल्या कोळसा खाणीत, जहाजांवर हेच चालायचं. आपल्याकडे त्याला चंचीची, चुन्याच्या डबीची जुनी सोबत होती. घरात बायकांच्या दातांना मशेरी होती. नंतर पुड्या आल्या, गुटखा आला.

आता आकडे बघा. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के. धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. वरवर पाहिलं तर वाटेल, वा, आपल्याकडे ओढणारे किती कमी! पण धूर गेला आणि तंबाखू राहिली. गाल, हिरड्या आणि जिभेच्या कॅन्सरचे रुग्ण परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, १९४१ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीत, आजही रांगेत असतात. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली ती याचमुळे.

आपला फसलेला प्रयोग म्हणतोय तो हाच. "ओढत नाही, नुसती खातो" हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या सुधारणा म्हणून ऐकलंय. त्यात फक्त जागा बदलली.

पाणबुडीतली चिठ्ठी

डिसेंबर १९६७. स्वीडनमधल्या हेल्सिंगबोरी शहरात ओव्हे फर्नो नावाचा औषध-संशोधक एबी लिओ कंपनीत काम करत होता. लुंड विद्यापीठातले क्लेस लुंडग्रेन यांचं त्याला पत्र आलं. त्यांचं निरीक्षण असं: पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तंबाखू चघळतात आणि त्यांचं भागतं.

आपल्या गिरणी कामगाराला हे वेगळं सांगायला नको होतं. पण लुंडग्रेन आणि त्यांचे सहकारी लिश्टनेकर्ट पुढचा प्रश्न विचारत होते: तंबाखू वगळून फक्त निकोटिन तोंडातून देता येईल का? फर्नोने च्युइंगम निवडलं, कारण त्यात जबडा चालतो आणि किती चघळायचं ते माणूस स्वतः ठरवतो. निकोटिन एका रेझिनला बांधलं, म्हणजे चघळल्यावरच सुटेल. पण अडचण आली. लाळ जरा आंबट झाली की निकोटिन गालातून आत शिरत नाही, पोटात जातं आणि वाया जातं. उपाय काय केला? गममध्ये अल्कली घातली, लाळ क्षारयुक्त केली, आणि निकोटिन गालातून शोषलं जाऊ लागलं.

हे ओळखीचं वाटतंय का? तंबाखूला चुना लावतात तो याचसाठी. चुना अल्कली आहे. तळहातावर अंगठ्याने मळणाऱ्याने हे रसायन कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण त्याच्या डबीत ते होतं. फरक एवढाच, आणि तो आयुष्याएवढा आहे, की डबीतल्या मिश्रणात कॅन्सर करणारी तंबाखू होती, गममध्ये ती नव्हती.

हे गम १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये औषध म्हणून मंजूर झालं, अमेरिकेत १९८४ मध्ये. आज मुलुंडच्या कुठल्याही केमिस्टकडे निकोटिन गम मिळतं. बरेच जण ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळतात आणि "काही उपयोग नाही, उचक्या लागतात" म्हणून टाकून देतात. त्याची रीत वेगळी आहे. हळू चघळायचं, झिणझिण्या आल्या की थांबून गालात ठेवून द्यायचं, पुन्हा थोडं चघळायचं. चहा-कॉफी, सरबत यांच्यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, कारण आंबटपणा शोषण बिघडवतो. गरोदरपण किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टर.

पण गम तोंडाला काम देतं, निकोटिन हळू देतं, आणि तिथेच थांबतं. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. शिवाय घसा? छाती?

मिरे परत येतात

१९८०च्या दशकात अमेरिकेत जेड रोज या संशोधकाने नेमकं हे तपासायला घेतलं. निकोटिनचा पॅच पुढे आणणाऱ्यांपैकी हा एक. त्याने आणि सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांचा घसा आणि श्वासमार्ग औषधाने बधिर केला आणि मग त्यांना ओढायला दिलं. निकोटिन आत जात होतंच, पण समाधान कमी झालं. म्हणजे घशातली ती खरखर, छातीत भरल्याची जाणीव, हा नुसता त्रास नव्हता. त्या माणसांना तीही हवी होती.

१९९४ मध्ये रोज आणि फ्रेडेरीक बेम यांनी आणखी एक छोटा प्रयोग छापला. रात्रभर सिगारेट न ओढलेल्या ४८ जणांना सिगारेटच्या आकाराचं एक साधन दिलं. काहींच्या साधनात काळ्या मिऱ्यांच्या तेलाची वाफ, काहींच्यात पुदिन्याची, काहींचं रिकामं. तीन तास ते ओढले. ज्यांना मिरे मिळाले त्यांची तलफ इतरांपेक्षा कमी राहिली, आणि छातीत काहीतरी जाणवलं असं त्यांनी सांगितलं.

ज्या मिऱ्यांच्या मागे जहाजं आपल्या किनाऱ्याला आली, त्या मिऱ्यांनी त्याच जहाजांनी आणलेल्या सवयीवर पर्याय म्हणून उभं राहावं, हे मला फार आवडतं. पण आवडलं म्हणून फुगवून सांगणार नाही. प्रयोग तीन तासांचा होता, महिन्यांचा नाही. आणि कृपा करून कुणी मिरपूड जाळून ओढू नका, की तेल छातीत घेऊ नका. यातून शिकायचं ते इतकंच, की घशाची मागणी खरी आहे आणि ती निकोटिनशिवाय थोडी भागवता येते.

बाजाराने हे बरोबर ओळखलं. २००३ च्या सुमाराला चीनमध्ये होन लिक यांनी आजच्या धर्तीची ई-सिगारेट बनवली. हात, ओठ, घसा, बाहेर सोडायचा ढग, सगळं आहे. म्हणूनच कधीच सिगारेट न ओढलेल्या पोरांनाही ती लागली. भारताने २०१९ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली. हुक्का पार्लरचं आपल्याला आठवतं: डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले, तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं, आणि २०१८ मध्ये राज्याने पार्लर बंद केली. आगीच्या भीतीने ज्या गिरण्यांत विडी पेटवू देत नसत, त्यातल्याच एकीच्या आवारात शंभर वर्षांनी हे झालं.

मुलुंड ते सीएसएमटी

आता आपल्या रोजच्या गाडीत बसू. मुलुंडचे खासदार नव्हते, पण मुंबईचेच होते ते मुरली देवरा. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला रेल्वेसह सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम आणखी कडक झाले. मुलुंडहून स्लो लोकलने सीएसएमटीला साधारण तासभर लागतो. पक्का ओढणारासुद्धा तो तास काढतो, घाटकोपरच्या गर्दीत त्याला तलफ आठवतही नाही. आणि गाडी मशीद बंदर सोडते तशी बोटं खिशाकडे जातात.

निकोटिनच सगळं ठरवत असतं तर तलफ शेवटच्या सिगारेटपासून मोजून वाढली असती. इस्रायलच्या रुवेन दार यांनी २०१० मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांवर हेच पाहिलं. लहान उड्डाण असो की लांब, तलफ चढली ती उतरायची वेळ जवळ आली तेव्हा. शेवटची ओढून किती तास झाले याला तेवढं महत्त्व नव्हतं. लोकलमध्ये बसणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सोडताना "सिगारेटऐवजी काय?" असा एकच प्रश्न विचारू नका. त्या झुरक्यात पाच गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: हात, तोंड, घसा, श्वास आणि सुट्टी. तुम्हाला कोणती छळते ते दोन दिवस बघा आणि तिचीच सोय करा.

हाताला काम हवं असेल तर स्टेशनबाहेरच्या भाजलेल्या शेंगा घ्या. सोलण्यात बोटं गुंततात. तोंडाला लवंग, बडीशेप, दालचिनीचा तुकडा, ज्येष्ठमधाची काडी. ज्येष्ठमध रोज भरपूर नको, त्याने रक्तदाब वाढतो. घशाला आल्याचं गरम पाणी, किंवा थंड सोडा: त्याचे बुडबुडे घशाला नेमके तिथेच टोचतात. श्वास तर आपण विसरतोच. ओढणारा माणूस दिवसातून कितीतरी वेळा लांब श्वास आत घेतो, रोखतो, सावकाश सोडतो. सिगारेट गेली की तोही जातो. तो परत घ्या, धुराशिवाय. आणि सुट्टी सोडू नका. मित्र टपरीवर निघाले तर तुम्हीही ऑफिसातून उठा, फक्त दुसऱ्या दिशेला चालत जा. १९०८ च्या कामगाराला विडीशिवाय सुट्टी मागता येत नव्हती. तुम्हाला येते.

एक गोष्ट मात्र पर्याय म्हणून घेऊ नका: सुपारी. गोड सुपारी, सुगंधी सुपारी, "तंबाखू नाही" लिहिलेला पान मसाला, काहीही. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. सिगारेट सोडून सुपारीवर जाणं म्हणजे गिरणीतला जुना प्रयोग पुन्हा करणं.

हे पर्याय काही मिनिटांची तलफ पार करायला आहेत. तलफ लाटेसारखी येते आणि ओसरते. पहिला आठवडा अवघड, मग दोन-चार आठवड्यांत लाटा विरळ होतात. दिवसाला दहा-वीस ओढत असाल तर नुसत्या लवंगेवर विसंबू नका. गम, पॅच, डॉक्टर यांची जोड घ्या. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत, तिचं एक केंद्र टाटा मेमोरियलमध्येच आहे. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. पाकीट टाकायच्या आधी तेवढा सेव्ह करून घ्या.

तुमचा हात, तोंड की घसा, कोण जास्त मागतं ते कळवा. पुढच्या भागात भेटू.